हजेरीआधीचे दोन तास

पहाटे पाच वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला आणि पोटात गोळाच आला. माझ्या कामात इतक्या पहाटे बरी बातमी येत नाही. मुकादम एवढंच म्हणाले, "मॅडम, चावीवाला गेला. चेंबरमध्ये पडला. फायर ब्रिगेडने वर काढलाय, पण काही उरलं नाही."

मी एका महापालिकेत कामगारांची सुरक्षा आणि अपघात भरपाई हे काम बघते. झाडूवाले, बिगारी, ड्रेनेजचे लोक, वायरमन, माळी, कुणाला कामावर इजा झाली की कागद माझ्या टेबलावर येतो. इजा होऊ नये म्हणून जी प्रशिक्षणं होतात तीही माझ्याकडेच. गावाचं आणि माणसाचं नाव लिहीत नाही. त्याच्या बायकोला तसा शब्द दिलेला आहे. गोष्ट २०२२ च्या उन्हाळ्यातली.

ज्यांच्या गल्लीत पाणी वेळेवर सुटतं त्यांना चावीवाला सांगायला नको. छातीएवढ्या उंचीची लोखंडी चावी, वर आडवा दांडा, खाली चौकोनी खाच. रस्त्यावर उभं राहूनच ती खालच्या चेंबरमधल्या व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर, म्हणजे चौकोनी टोकाच्या दांड्यावर, बसवायची आणि ठरलेले फेरे फिरवायचे. एकाला पाणी सोडायचं, दुसऱ्याचं बंद करायचं. त्या गल्लीला पाणी साडेचारला, म्हणजे चावी चारला. हजेरी मात्र चौकीवर सहा वाजता. या दोन वेळांमधलं अंतर इतकी वर्षं कुणाला खटकलं नव्हतं. मलाही नाही.

मी पोचले तेव्हा फटफटलं होतं. चेंबरचं झाकण अर्धवट सरकवलेलं. कडेला त्याच्या चपला, देवळाबाहेर काढाव्यात तशा जोडीने ठेवलेल्या. चावी रस्त्यावर आडवी पडली होती, आणि मला आधी तीच दिसली. चावी वर आहे म्हणजे माणूस पान्हा घेऊन खाली उतरला. का उतरला? नऊ फूट खाली, वीतभर पाण्यात, त्याची बॅटरी अजून जळत होती.

फूटपाथवर त्याचा मदतनीस बसला होता, जेमतेम बाविशीतला पोरगा. शर्ट खांद्यावर टराटरा फाटलेला. शेजारी त्या गल्लीची झाडूवाली मावशी, अजूनही त्याचा दंड धरून. ती म्हणाली, "एक पाय आत टाकला होता यानं. मी कॉलर धरली. आईबहिणीवरून शिव्या दिल्या मला. म्हटलं दे, पण उतरू देणार नाही. पहिला पडला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही, तुम्हीच सांगितलंत ना मॅडम."

मी सांगितलं होतं खरं, पण तिला नव्हे. ते प्रशिक्षण ड्रेनेजच्या माणसांसाठी होतं. त्या दिवशी दोघे आले नाहीत म्हणून मुकादमांनी मावशीला नुसतं दोरी धरायला उभं केलं होतं. तिपाई, कप्पी, कमरेचा आणि खांद्यांचा पट्टा, हे सगळं ती लांबून बघत होती. बंद जागेत एकामागोमाग एक माणसं जातात ती वाचवायला उतरल्यामुळे, हे मी त्या दिवशी तीनदा सांगितलं होतं. ते तिच्या लक्षात राहिलं. त्या सकाळी दुसरं प्रेत निघालं नाही ते फक्त तिच्यामुळे.

वायूमापक दोरीला बांधून खाली सोडला. तोंडाशी प्राणवायू २०.९ टक्के, जसा हवेत असतो तसा. अर्ध्यावर १७. तळाशी ९.८, आणि यंत्र किंचाळायला लागलं. १९.५ च्या खाली ते ओरडतंच. दहाच्या खाली काही कळायच्या आतच माणसाचे गुडघे वळू शकतात आणि तो खाली बसतो. हायड्रोजन सल्फाइड शून्य. ज्वलनशील वायू शून्य. म्हणजे सडक्या अंड्याचा वास नाही, डोळे चुरचुरणं नाही, धोक्याची एकही खूण नाही. बंद चेंबरमध्ये लोखंड गंजतं ते हवेतला प्राणवायू खाऊनच. वरून पाला पडतो, कुजतो, तोही खातो. झाकण महिनोन्महिने घट्ट, आत हवा खेळत नाही.

धोकादायक बंद जागांची यादी माझ्या सहीची होती. तिच्यात मलवाहिन्यांचे सगळे मॅनहोल होते, सेप्टिक टँक होते, पंपिंग स्टेशनच्या विहिरी होत्या. पाण्याच्या व्हॉल्व्हचं एकही चेंबर नव्हतं. पिण्याचं पाणी म्हणजे स्वच्छ, आणि स्वच्छ म्हणजे सुरक्षित, हे मी धरून चालले होते. ड्रेनेजवाल्याला उतरायचं तर परवाना, यंत्र, वर दोन माणसं. चावीवाल्याला काहीच नाही. तिथे उभी असताना ती यादी मला पाठ म्हणता आली असती, इतकी ती डोळ्यांसमोर होती.

तो उतरला का, ते त्याच्या वहीत सापडलं. शाळेची दोनशे पानी वही, कडेला तेलाचे अंगठे. रोज किती वाजता किती फेरे, याची नोंद. मार्चमधल्या एका तारखेपुढे लिहिलं होतं: "स्पिंडलचा चौक झिजला, चावी घसरते, सांगितले." एप्रिलमध्ये पुन्हा: "चावी बसत नाही, पान्ह्याने केले, सांगितले." म्हणजे निदान महिनाभर तो अधूनमधून खाली उतरत होता. त्या स्पिंडलवर बसवायची टोपी तळहाताएवढी असते.

अकरा वाजता बैठक बसली. बसल्याबसल्या पहिला प्रश्न आला, हजेरी झाली होती का? नव्हती. मग कामावर कसा म्हणायचा? कुणीतरी हळूच "घेतली असेल" असंही म्हणालं. शवविच्छेदनात तसं काही निघालं नाही. पण निघालं असतं तरी मृत्यूच्या बाबतीत त्या कारणाने भरपाई नाकारता येत नव्हती, हे तेव्हा लागू असलेल्या १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात स्पष्ट होतं. मग शेवटी निघालं ते नेहमीचं. माणुसकी म्हणून एक रक्कम देऊ, बायकोची सही घेऊ, विषय मिटवू.

मिटत नसतो. त्या कायद्याप्रमाणे मृत्यूची भरपाई वारसांच्या हातात देऊन चालत नव्हतं. ती आयुक्तांकडे जमा करावी लागायची, म्हणजे कामगार भरपाईचे आयुक्त, महापालिकेचे नव्हेत. फार तर तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल वारसांना देता यायची. बाकी परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरलेच जात नव्हते, आणि हक्क सोडल्याची सही करून घेतली तर ती कागदावरच राहायची. सात दिवसांत अपघाताचा अहवाल, महिन्याच्या आत रक्कम. चुकलं तर १२ टक्के व्याज आणि वर ५० टक्क्यांपर्यंत दंड. मी हे सगळं उभं राहून सांगितलं. माझा आवाज चढला होता, मला कळत होतं.

पण मूळ प्रश्न तसाच होता. कायदा म्हणतो, इजा कामातून आणि कामाच्या ओघात झालेली हवी. मस्टरवर त्या दिवशी त्याच्या नावापुढे कोरी चौकट.

दुपारी विभागीय कार्यालयात गेले, कशाला ते धड ठरलेलंही नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या खिडकीशी तक्रार रजिस्टर होतं, लाल कापडी पाठीचं, रात्रपाळीचा कारकून लिहितो ते. ते उघडलं. ४.५०: "गल्लीत पाणी नाही." ४.५५: "पाणी आले नाही, लहान मूल आहे." ५.०२. ५.०६. ५.१०, वर कुणीतरी पेन्सिलीने "पुन्हा" लिहिलेलं. सहा वाजेपर्यंत अकरा नोंदी, सगळ्या त्याच एका व्हॉल्व्हवरच्या घरांच्या.

मी खुर्चीत बसले. हा माणूस चार वाजता कामावर नव्हता म्हणता? मग अकरा घरं कुणाची वाट बघत होती? पाण्याचं वेळापत्रक पालिकेनेच छापलेलं आहे, साडेचारचं. ते पाळायचं तर कुणीतरी चारला व्हॉल्व्हवर असलंच पाहिजे. हजेरी सहाला घेणं ही कार्यालयाची सोय, त्याची उशिरा येण्याची सवलत नव्हे. त्या पानाची झेरॉक्स काढली, कारकुनाची, मुकादमांची आणि माझी सही घेतली, आणि मूळ रजिस्टर पंचनाम्यासोबत ताब्यात घ्यायला लावलं. त्याची वहीही तशीच.

यानंतर फार बोलावं लागलं नाही. जलवाहिनीवर काम करणारा माणूस कायद्याच्या परिशिष्टातच होता, त्यावर वाद नव्हता. वय चाळीस पुरं, त्याचा गुणक १८४.१७. महिन्याच्या पगाराचा निम्मा भाग गुणिले तो आकडा. पण पगार कितीही असला तरी हिशेबात १५,००० च धरायचे, तशी मर्यादा २०२० पासून होती. म्हणून ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये. त्याचा खरा पगार या मर्यादेच्या दुपटीहून जास्त होता. ही मर्यादा मला तेव्हाही अन्यायाची वाटली, आजही वाटते. चाळिशीतल्या माणसाची पुढची वीस वर्षं अशी अर्ध्यावर मोजायची नसतात. रक्कम सत्ताविसाव्या दिवशी जमा झाली. बायको, मुलगी आणि म्हातारी आई, तिघींत आयुक्तांनी वाटणी केली.

पुढे जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला तेव्हा मला ते रजिस्टर आठवलं. धाराशिवकडच्या एका साखर कारखान्याचा रखवालदार, पहाटे तीनची पाळी, २००३ मध्ये कामावर जाताना वाटेतच गेला. वाटेतला मृत्यूसुद्धा, कामाशी वेळ, जागा आणि परिस्थितीचा धागा जुळत असेल तर, कामाच्या ओघातलाच, असं न्यायालयाने म्हटलं. त्या घराला बावीस वर्षं लागली. आमचा माणूस तर वाटेतही नव्हता, व्हॉल्व्हजवळ होता.

यादी मी महिनाभरात नव्याने केली. प्रत्येक चेंबर चालत जाऊन पाहिलं, चावीवाल्यांना बरोबर घेऊन. कुठला चौक झिजलाय, कुठलं झाकण एकट्याने उचलत नाही, त्यांना सगळं तोंडपाठ होतं. कुणी विचारलं नव्हतं इतकंच. आता स्पिंडल खराब असेल तर त्या दिवशी पाणी उशिरा सोडायचं, उतरायचं नाही, असा लेखी आदेश आहे. लोक फोन करून ओरडतात. ओरडू देत. मावशींना प्रशिक्षणाला मी बोलावते आणि दोरी का धरायची ते त्यांनाच सांगायला लावते.

आदेशाची प्रत द्यायला मी त्याच्या घरी गेले. बायकोने चहा टाकला. मुलगी दाराशी पाटीवर काहीतरी गिरवत होती. कागद नीट घडी करून बाईंनी ट्रंकेत ठेवला, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "मॅडम, त्या दिवशी गल्लीत पाणी शेवटी आलं का हो?"

रजिस्टरमध्ये तेही होतं, दिवसपाळीच्या कारकुनाच्या अक्षरात. म्हटलं, "आलं. सकाळी अकरा वीसला."

"मग बरं," त्या म्हणाल्या. "त्यांना फार घोर असायचा."