गंगापूर धरणावर सराव, आणि जाम झालेला गियर

गेल्या मे महिन्यात आमच्या पूर-बचाव गटाची फायबरची बोट नाशिकजवळच्या गंगापूर धरणावर नेली होती. पावसाळ्याआधी एक सराव व्हायलाच हवा. गोदाघाटावर दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नाशिककर ज्यावरून पूर मोजतात त्या मूर्तीच्या, छातीला पाणी लागल्यावर शिकायला वेळ मिळत नाही. ऑगस्ट २०१६ चा पूर ज्यांनी पाहिला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पहाटे साडेपाचला गंगापूर रोडने निघालो. सोमेश्वर मागे पडलं की द्राक्षबागा लागतात, रस्ता चांगला आहे. पोहोचायला अर्धा-पाऊण तास पुरतो, पण ट्रेलर मागे असेल तर तासभर धरा. लवकर निघायचं कारण वारा. दुपारी पश्चिमेकडून वारा उठला की जलाशयावर लाटा येतात आणि छोटी बोट एका जागी धरता येत नाही. पाटबंधारे खात्याची लेखी परवानगी आधी काढा आणि कागद सोबत ठेवा. मे महिन्यात पाणी खूप मागे गेलेलं असतं आणि काठाला नुसता गाळ. ट्रेलरची चाकं रुततात, म्हणून दोन जाड फळ्या गाडीत टाका.

पाण्यात एक कॅन टाकला होता, बुडणारा माणूस समजून. त्याच्या जवळ जाताना पुढचा गियर काढून न्यूट्रल करायचं, म्हणजे बोट ढकलणारा पंखा थांबतो. गियरचा लिव्हर हलेना. दोन्ही हातांनी ओढल्यावर तो एकदम सुटला आणि न्यूट्रल ओलांडून थेट उलट्या गियरला गेला. कॅनच्या जागी खरंच कुणी असतं तर, हा विचार दिवसभर डोक्यातून गेला नाही. तिथेच सराव थांबवला.

बोट काठाला लावली. आमच्यातले एक काका सातपूरला फिटर होते. मी कंट्रोल बॉक्सचे, म्हणजे लिव्हर ज्यात बसवलाय त्या पेटीचे, स्क्रू काढायला लागलो तर म्हणाले, "थांब रे. आधी कुठं अडलंय ते बघ, मग पाना लाव." या प्रवासातून दुसरं काही घेतलं नाही तरी चालेल, एवढं घ्या.

त्यांनी किल स्विचची (इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची) दोरी काढली, प्लगच्या टोप्या काढल्या, इंजिनाचं झाकण उतरवलं आणि गियरची केबल इंजिनाकडच्या टोकाला सोडवली. मग लिव्हर हलवून पाहिला. तसाच जड. म्हणजे दोष केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये. इंजिनावरचा गियरचा दांडा हाताने हलवला, तो सहज गेला. मात्र हा दांडा हलवताना दुसऱ्या माणसाने पंखा हाताने हळूहळू फिरवत राहायला हवं. आतला डॉग क्लच दातांनी अडकतो, दात समोरासमोर आले तर गियर बसत नाही. बंद इंजिनावर जोर लावला तर चांगला दांडा वाकतो. दांडाच जड लागला असता तर खालच्या गियरबॉक्सकडे जाणारी सळई आणि तिथल्या बुशा पाहाव्या लागल्या असत्या.

मग केबल बॉक्सकडूनही सोडवली. बॉक्स मोकळा, केबल जाम. बॅटरीची पेटी नवीन बसवताना केबल तिच्यामागे घट्ट वळवली गेली होती. तिथे वरचं आवरण तडकलं, पाणी आत गेलं आणि आतली तार गंजली. या केबलला वळण ऐसपैस लागतं, वीतभर त्रिज्येपेक्षा कमी नको. आत तेल घालून ती चार दिवस चालेलही, पण बचावाच्या बोटीत मी तशी ठेवणार नाही. सरळ बदला.

लिव्हर जड होता तसा थोडा सैलही होता. त्या सैलपणाचं कारण वेगळं निघालं. केबलच्या टोकाचं भोक झिजून लांबट झालं होतं आणि चेकनट (जोडणी जागेवर घट्ट धरणारा नट) ढिला होता. लिव्हर बोटभर हलला तरी इंजिनाला पत्ताच नसायचा.

नवी केबल नाशकात मिळाली नाही, मुंबईहून मागवली. लांबी बहुधा आवरणावर फुटांत छापलेली असते. टोकाची घडण प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून जुन्या केबलचे फोटो पाठवा. आठवड्याने पुन्हा धरणावर गेलो. बसवताना लिव्हर न्यूट्रलला, इंजिनही न्यूट्रलला ठेवलं आणि टोकाची जोडणी फिरवत नेली, ती न ओढता पिनवर बसेपर्यंत. आमच्या इंजिनाच्या पुस्तिकेत जोडणीचे आटे किमान ८ मिलिमीटर आत हवेत असं आहे. मग चेकनट आवळा, नवी स्प्लिट पिन घाला. जुनी सरळ करून पुन्हा वापरू नका. ग्रीस बोटाने पुसण्याइतकंच लावा आणि चिंध्या पिशवीत परत न्या, हेच पाणी शहराच्या नळाला येतं.

इंजिन सुरू केल्यावर आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, पाहा. ते चढं असेल तर क्लचच्या दातांवर ताण राहतो आणि केबल नवी असूनही गियर जड निघतो. गियर नेहमी आयडलवर आणि एका ठाम झटक्यात टाका, हळूहळू दाबत नेला की दात घासतात. गियरमध्ये असताना इंजिन सुरू होता कामा नये, तेही तपासा.

त्या दिवशी कॅन वीस वेळा टाकला. विसाही वेळा पंखा त्याच्या अलीकडेच थांबला.