वाढदिवसाचं झाड

माझा वाढदिवस १२ ऑक्टोबरचा. गेल्या वर्षी नवऱ्याने चांदीचं लॉकेट आणलं. पुढे पाच टोकांचं पान, मागे एका उभ्या रेघेला कापणाऱ्या दोन तिरक्या रेघा. सोबत कार्ड : तुमचं केल्टिक झाड आयव्ही, ३० सप्टेंबर ते २७ ऑक्टोबर. गुण चिवटपणा आणि निष्ठा. केल्टिक म्हणजे इथल्या प्राचीन लोकांचं, आयव्ही म्हणजे भिंतीवर चढणारी वेल. मी खूश! इथे आयर्लंडमध्ये, कॉर्कच्या पावसात दिवस काढायचे म्हणजे चिवटपणा लागतोच.

तेव्हा आईबाबा आलेले होते. पाऊस थांबेना, म्हणून त्यांना विद्यापीठात नेलं. तिथल्या एका लांब ओसरीत ओघम या जुन्या आयरिश लिपीचे २८ दगड मांडलेत. दगडाच्या कडेवर नुसत्या खाचा, खालून वर वाचायच्या. बाबांनी लॉकेट धरून माझ्या दोन तिरक्या रेघा शोधल्या. ते 'ग'. मजकूर बहुतेक ठिकाणी एवढाच : अमक्याचा मुलगा तमका. बाबा निवृत्त तलाठी. म्हणाले, "अगं, हा तर सातबारा!" मी हसले, पण घरी येऊन वाचलं तर जुन्या आयरिश कायद्यात जमिनीच्या हक्काला असा कोरीव दगड पुरावा म्हणून खरंच चालायचा.

आणि माझ्या अक्षराचं नाव गॉर्ट, म्हणजे चक्क शेत! गॉलवेकडे जाताना त्याच नावाचं गाव लागतं. जुन्या पंडितांनी या अक्षराला कूटनावं दिलीत, 'सर्वांत गोड गवत', 'गाईंना साजेशी जागा'. यात वेल कुठे आहे? आयव्हीला आयरिशमध्ये म्हणतात आय-नॉन, त्यात 'ग' औषधालासुद्धा नाही. वीस अक्षरांपैकी फार तर आठांची नावं झाडांची. पण मध्ययुगातल्या पंडितांना सगळीच झाडं हवी होती, त्यांनी गॉर्टपुढे आयव्ही लिहून टाकलं. तेरा महिन्यांचं झाडांचं कॅलेंडर तर कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांचं, १९४८ सालचं. म्हणजे माझं 'प्राचीन' झाड आईच्याच पिढीचं.

आईला याचं काही नाही. तिचा डोळा आमच्या मागच्या भिंतीवरच्या आयव्हीवर. "ते बांडगूळ आधी काढून टाक." बांडगूळ नाही गं, तिला सांगितलं. त्याची मुळं जमिनीत असतात, भिंतीला नुसतं धरतं. खरं बांडगूळ म्हणजे मिसलटो. ड्रुइड, म्हणजे केल्टिक पुरोहित, ओकवरचं मिसलटो सोन्याच्या विळ्याने कापत, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. पूज्य होतं ते बांडगूळच! आईने मान उडवली.

पण तारखा मात्र ग्रेव्हजच्या बरोबर जुळल्या. ऑक्टोबरात बाकी बाग संपलेली आणि आयव्हीला हिरवट-पिवळ्या फुलांचे गेंद, त्यावर मधमाश्या, गांधीलमाश्या, नुसता घूं घूं आवाज. मी लॉकेट काढून पान ताडून बघायला गेले. फुलांच्या फांदीवर पाच टोकांचं पान एकही नाही, सगळी साधी, लांबट. टोकं असतात ती खालच्या, अजून न फुललेल्या वेलीला.


बाबांनी चहा पिता पिता विचारलं, "मग शेताचं लॉकेट मिळत नाही का?"