लोणारच्या पाण्याची बाटली

आठवीत आमच्या वर्गाची सहल अजिंठा-वेरूळला गेली. मी गेले नाही. दोन रात्रींचा मुक्काम, त्यात मुलीची जात, म्हणून आजीने घरात विषयच काढू दिला नाही. सहलीला न येणाऱ्यांनी नेहमीप्रमाणे शाळेत यायचं होतं. आम्ही सात जण होतो. आम्हाला दुसऱ्या तुकडीच्या मागच्या बाकांवर बसवलं. सहल परत आल्यावर आठवडाभर वर्गात लेण्यांशिवाय दुसरं बोलणं नव्हतं, आणि त्याच आठवड्यात निबंधाला विषय आला, 'आमची सहल'. मैत्रिणींकडून ऐकलेलं जोडून मी दीड पान लिहिलं. ते लिहिताना काय वाटलं होतं, ते अजूनही नीट सांगता येत नाही.

म्हणून शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिही असा निरोप आला, तेव्हा स्नेहसंमेलन, हस्तलिखित, स्काउट-गाईडमधली 'खरी कमाई' हे सगळं आठवूनही लेखणी वळली ती नववीच्या लोणारच्या सहलीकडे.

जुलै १९९४. भूगोलाचे सर तासाला वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आले. शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूचे तुकडे १६ ते २२ जुलै असे आठवडाभर गुरू ग्रहावर आदळत होते. सरांनी कात्रण वर्गभर फिरवलं आणि म्हणाले, "गुरू लांब आहे. पण असा दणका आपल्या महाराष्ट्रातही बसलाय. बुलढाणा जिल्ह्यात, लोणारला." सहलीचं ठिकाण त्या तासालाच ठरलं.

सहल थंडीत निघायची होती, पण सरांच्या लेखी ती त्याच दिवशी सुरू झाली. मैदानावर त्यांनी पत्र्याच्या घमेल्यात वाळू भरली, वर खडूची भुकटी पसरली आणि आमच्या हातात गोट्या दिल्या. गुडघ्याएवढ्या उंचीवरून टाका, मग खांद्याएवढ्या, मग बाकावर उभं राहून. प्रत्येक खळगा पट्टीने मोजायचा आणि वहीत लिहायचा. कुणीतरी गोटी तिरकी मारली, तर खळगा लांबट झाला. मग लोणारचं विवर जवळजवळ गोल कसं? सरांनी उत्तर लगेच दिलं नाही. दोन दिवस आम्हाला डोकं खाजवू दिलं आणि मग सांगितलं. उल्का सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाने येते, त्यामुळे ती जमिनीत रुतत नाही, स्फोट होतो. स्फोट सगळीकडे सारखाच पसरतो, म्हणून ती तिरकी आली तरी विवर गोलच पडतं. ही गोष्ट मी पुढे कितीतरी जणांना सांगितली आहे, आणि दर वेळी आधी घमेलं आणून गोट्या टाकायला लावल्या आहेत.

आमच्या वर्गशिक्षिका बाई त्या वर्षी घरी आल्या. आजीशी तासभर बोलल्या. मुक्काम एका शाळेच्या वर्गखोल्यांत आहे, मुलींच्या खोलीत मी स्वतः झोपणार आहे, असं त्यांनी सांगितलं. आजीने संमतिपत्रावर वडिलांना सही करायला सांगितली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

माझ्या बाकावरची मैत्रीण मात्र येऊ शकली नाही. तिच्यासह पाच जण राहिले होते. सरांनी त्या पाचही जणांना कागद दिले. "तुम्ही येत नाही आहात, पण तुमचे प्रश्न येणार आहेत. प्रत्येकाने एक प्रश्न लिहायचा. जो तो घेऊन जाईल, त्याने उत्तर आणल्याशिवाय वर्गात यायचं नाही." आठवीतल्या त्या मागच्या बाकांची सरांना कुणी आठवण करून दिली होती का, मला माहीत नाही. मैत्रिणीचा प्रश्न माझ्याकडे आला. तिने लिहिलं होतं, "त्या पाण्यात हात घातला की कसं लागतं?"

एसटीच्या प्रवासातल्या भेंड्या, सतरंजीवरची कुडकुडणारी रात्र, हे सगळ्याच सहलींत असतं. काठावर उभं राहिल्यावर मात्र सगळे गप्प झाले. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर, चारी बाजूंनी उतरती झाडी आणि तळाशी हिरवट पाणी. सर म्हणाले, हा सगळा दगड लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणूनच बराच काळ हे ज्वालामुखीचं तोंड असावं असं लोक मानत. पुढे आघाताच्या दाबाने बदललेली खनिजं इथल्या खडकात सापडली आणि उल्केची बाजू पक्की झाली.

काठावरच्या धारेचं, म्हणजे झऱ्याचं, पाणी गोडं. तिथे लाल लिटमस, म्हणजे अल्कधर्मी पाण्यात निळा होणारा कागद, बुडवला, तो होता तसाच राहिला. मग उतरून तळाशी गेलो. पाण्याजवळ जाताच सडक्या अंड्यासारखा वास आला. मी गुडघ्यांवर बसले आणि लाल कागदाचं टोक पाण्याला लावलं. टोकापासून निळा रंग वर चढत गेला, माझ्या चिमटीपर्यंत. मग मनगटापर्यंत हात घातला. पाणी बुळबुळीत होतं. साबण लावलेला हात धुताना शेवटी उरतो ना, अगदी तसं. मी तिथेच वही काढून हे लिहिलं. ओल्या बोटांचा डाग त्या पानावर आजही आहे. परतताना सरांनी एक बाटली भरून घेतली. आज तिथे अभयारण्य आहे, साधा खडाही उचलू नये, आणि ते योग्यच आहे.

सोमवारी विज्ञानाच्या तासाला ती बाटली फक्त त्या पाच जणांसाठी उघडली. आम्ही भिंतीला टेकून उभे राहिलो. लिटमस त्यांनीच बुडवला. मैत्रिणीने बशीत ओतलेल्या पाण्यात बोटं चोळली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू लिहिलंस ते बरोबर आहे." त्या वर्षी सहलीचा निबंध त्या पाचांनीही लिहिला, आणि कुणाचं ऐकून लिहावा लागला नाही.

सरांचा एक नियम होता. वहीतलं उत्तर बदललं तर खोडायचं नाही, शेजारी नवीन लिहायचं आणि तारीख घालायची. विवराचं वय आम्ही ५० हजार वर्षं लिहिलं होतं, तेव्हा तेच सांगितलं जाई. पुढे खडकातल्या आर्गॉन वायूवरून वय काढायच्या पद्धतीने ते ५ लाख ७० हजारांच्या आसपास निघालं. वाचलं त्या रात्री मी माळ्यावरून वही काढली आणि जुन्या आकड्याशेजारी नवा लिहिला.

जून २०२० मध्ये लोणारचं पाणी एकाएकी गुलाबी झालं. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पुढे सांगितलं. टाळेबंदीचे दिवस होते, कुणालाच कुठे जाता येत नव्हतं. बातमी आली त्याच संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला. "वही काढ," ती म्हणाली. मी निळ्या लिटमसच्या पानावर 'पाणी गुलाबी' असं लिहिलं, तारीख घातली आणि तिला वाचून दाखवलं.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि हाताला कसं लागत असेल गं आता?"