भिरभिऱ्यांची रजई: त्रिकोण शिवून झाले, छाटणी सुरू

गेल्या नोंदीत कापडं धुऊन वाळत घातली होती. आता सगळे एचएसटी, म्हणजे हाफ स्क्वेअर ट्रँगलचे जोड (एक गडद आणि एक फिकट त्रिकोण जोडून केलेले चौकोन), शिवून झाले आहेत आणि छाटणी निम्म्याच्या पुढे गेली आहे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी हिशेब पुन्हा देते. तयार रजई 64 बाय 80 इंच. चार इंची जोड 16 आडवे आणि 20 उभे, असे 320. चार जोडांचं एक भिरभिरं, म्हणजे 80 भिरभिरी. गडद बाजूला अजरख, दाबू आणि बगरू या हातछपाईच्या कापडांचे तुकडे, फिकट बाजूला सगळीकडे एकच हस्तिदंती केम्ब्रिक, म्हणजे साधं सुती कापड. केम्ब्रिक रविवार पेठेतून तीन मीटर घेतलं. धुतल्यावर आटतं हे धरून तेवढं लागतंच.

सगळ्यात आधी खळीबद्दल. परदेशी व्हिडिओंमध्ये जे क्विल्टिंगचं कापड दिसतं ते घट्ट विणीचं आणि मुळातच कडक असतं. आपलं हातछपाईचं सुती कापड दोन धुण्यांनंतर इतकं मऊ पडतं की तिरपं कापलं की हातात लोळतं. त्रिकोण म्हटला की एक बाजू उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी, येणारच, आणि उरेब बाजू नुसत्या बोटांच्या ओढीनेही लांबते. त्यामुळे मी खळ कापडाला कापण्याआधी करते, तुकड्यांना नाही. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर, सतत ढवळत पारदर्शक होईपर्यंत उकळायचं, गाळायचं, त्यात कापड बुडवून पिळायचं आणि दमट असतानाच इस्त्री करायची. कापड कागदासारखं उभं राहतं. पावसाळ्यात मात्र इस्त्री पूर्ण कोरडी होईपर्यंत फिरवायला हवी, आणि खळ केलेलं कापड महिनोन् महिने कपाटात ठेवायचं नाही. कसर लागते. लागेल तेवढ्यालाच खळ करा.

आता माप. चार इंची जोडासाठी चौकोनाचं पुस्तकी माप चार इंच सात सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). ही सात सुतं येतात कुठून ते एकदा कागदावर काढून बघाच, मग कुठल्याही आकाराचं गणित पाठ करावं लागत नाही. त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंना पाव इंच मार्जिन ठेवलं की काटकोनापाशी पाव इंच वाढतो, पण टोकाला तिरप्या बाजूमुळे जास्त वाढतो. दोन्ही मिळून पाव इंच गुणिले 3.414, म्हणजे 0.854 इंच. सात सूत म्हणजे 0.875. ती जी केसभर जास्त जागा उरते ती शिवणीच्या घडीत जाते. मी मात्र सात सुतांच्या नादी लागत नाही. सरळ पूर्ण इंच वाढवून पाच इंच धरते आणि नंतर छाटते. जोड जेमतेम सूतभर मोठा निघतो आणि छाटायला धड जागा मिळते.

बहुतेक जोड मी आठाच्या पद्धतीने केले. दहा इंची दोन चौकोन, एक गडद एक फिकट, सुलट बाजू आत ठेवून टाचायचे. फिकटाच्या उलट बाजूवर दोन्ही कर्ण पेन्सिलीने आखायचे. प्रत्येक कर्णाच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप. मग न हलवता पाच इंचांवर उभा छेद, पाच इंचांवर आडवा छेद, आणि शेवटी दोन्ही कर्णांवर छेद. आठ जोड तयार. मधोमध टिपा एकमेकींना छेदतात, तिथे जोडाच्या टोकावर दोन-चार टाके आडवे राहतात. ते ओढले की निघतात. या पद्धतीचा खरा फायदा वेळेचा नाही: उरेब बाजू शिवल्यानंतरच कापली जाते, सुटी कधी राहतच नाही, आणि जोडाच्या चारही बाहेरच्या कडा सरळ धाग्यावर येतात. चौकोनांना चहूबाजूंनी शिवून कर्णावर कापायची जी चाराची पद्धत आहे तिच्यात नेमकं उलट होतं, चारही कडा उरेब येतात. मऊ कापडावर ती वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. अजरखचे जे लहान तुकडे होते त्यांचे पाच इंची चौकोन कापून दोनाच्या पद्धतीने केले: एकाच कर्णाच्या दोन्ही अंगांना टीप, कर्णावर छेद, दोन जोड.

टीप पाव इंचाला एक धागा कमी हवी. मशीनच्या पायाच्या कडेवर विश्वास ठेवू नका, प्रत्येक मशीनचा पाय वेगळा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या एकमेकींना जोडा, इस्त्री करा, मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली की शिवताना कापडाची कड सुईपासून जितकी लांब होती तिथेच मशीनवर मास्किंग टेप चिकटवा. टाका दोन मिलिमीटर, सुई 11 नंबरची. दोरा न तोडता चौकोन एकामागून एक सरकवत गेलं की मशीनमागे तोरणासारखी माळ लोंबते आणि काम झपाट्याने होतं.

रंगांबद्दल एक गोष्ट या रजईत फार ठळक दिसली. अजरखचा मंजिष्ठेचा लाल आणि नीळ डोळ्यांना एकमेकांपासून लांब वाटतात. दोघांचा एक जोड करून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढला, तर मधली तिरकी रेष जवळजवळ नाहीशी. दोन्ही सारखेच गडद! भिरभिरं फिरताना दिसायचं असेल तर रंगापेक्षा गडद-फिकटाचा फरक महत्त्वाचा. म्हणूनच फिकट बाजूला एकच कापड ठेवलं आणि हळदी पिवळा, जो फोटोत फिकट पडतो, या रजईतून पूर्ण काढला.

इस्त्री फिरवायची नाही, दाबायची. आधी शिवण बंद असतानाच एकदा दाबायची, म्हणजे टाके कापडात बसतात. मग गडद बाजू वर ठेवून उघडायची आणि शिवण गडदाकडे पाडायची. वाफ बंद. जोड गार होईपर्यंत उचलायचा नाही.

आणि मग छाटणी. माझ्या मते रजई इथेच घडते, आणि बरेच जण इथेच घाई करतात. साडेसहा इंची चौरस पट्टीवरची 45 अंशांची रेष शिवणीवर तंतोतंत ठेवायची. कापडाची कड पाहायची नाही, फक्त शिवण पाहायची. साडेचारच्या (चार इंच आणि दोन्हीकडचं पाव-पाव इंच मार्जिन) खुणेबाहेर चारही बाजूंना थोडं कापड डोकावतंय याची खात्री करून उजवी आणि वरची बाजू कापायची. जोड अर्धा फिरवून ताज्या कापलेल्या कडा साडेचारच्या रेषांवर बसवायच्या, 45 ची रेष पुन्हा शिवणीवर, आणि उरलेल्या दोन बाजू. टोकांना बाहेर आलेले कापडाचे कान आपोआप जातात. एकेका जोडातून निघणारी कापडाची शेव बघून वाटतं, एवढ्यासाठी काय. पण जोडामागे अर्धा सूत जास्त राहिला तर 16 जोडांच्या रांगेत पूर्ण इंच वाढतो, आणि प्रत्येक रांगेत तो सारखाच वाढेल याची काहीच हमी नाही. गोल पात्याचा कटर 1979 मध्ये जपानच्या ओल्फाने आणला. त्याआधी हेच काम पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कातर घेऊन व्हायचं. त्या बायकांच्या हातांना मनापासून दंडवत. पातं बोथट झालं की ते शिवणीच्या जाडीवर उडी मारतं आणि नेमका कोपऱ्याजवळ धागा राहतो. तसं होऊ लागलं की लगेच बदला.

नमुन्यादाखल काही भिरभिरी जोडून पाहिली. सगळ्या शिवणी गडदाकडे असल्यामुळे समोरासमोरचे जोड आपसूक एकमेकांत अडकतात, टाचणीसुद्धा लागत नाही. मधल्या बिंदूवर मात्र गोळा होतो. तिथे मार्जिनमधले दोन-तीन टाके उसवून चारही शिवणी एकाच दिशेने गोल पाडल्या की उलट बाजूला इवलंसं भिरभिरं दिसतं आणि सुलट बाजू सपाट बसते.

गोधडी शिवणाऱ्यांना हे सगळं अति वाटेल. गोधडीत तुकडा थेट खालच्या थरांवर ठेवून धावदोऱ्याने पक्का होतो, त्यामुळे उरेब कापडाला ताणायची संधीच मिळत नाही. इथे प्रत्येक तुकडा शेवटपर्यंत मोकळा हातात खेळतो. पण वरचा थर जोडून झाला की मीही मशीन बाजूला ठेवणार आहे. तिन्ही थर हातानेच, जाड दोऱ्याच्या धावदोऱ्याने शिवायचे ठरलं आहे. ओळी तिरप्या शिवणींपासून पाव इंच लांब घेईन, जोडांवर सुई आठ-आठ पदरांतून न्यावी लागू नये म्हणून.

कडेच्या गोटासाठी निळीचं कापड वेगळं काढून ठेवलं आहे. रजईच्या कडा सरळ असल्याने गोट उरेब कापायची गरज नाही. अडीच इंची आठ आडव्या पट्ट्या पुरतील, पाऊण मीटरमध्ये बसतात. तुमच्यापैकी कुणी हाताने धावदोरा घातलेल्या रजईत पॉलिएस्टरऐवजी पातळ सुती बॅटिंग (मधला भरणीचा थर) वापरलं असेल, तर सुई किती सहज जाते ते जरूर सांगा. मला त्यावरूनच खरेदी ठरवायची आहे.