उजेड खाली धर

जीपवाल्याने विचारलं, "कशाला चाललास खोडाळ्याकडं?" मी म्हणालो, "बोहाडा बघायला." पुढच्या सीटवरची म्हातारी लगेच मान वळवून म्हणाली, "आमचा वेताळ हाय."

म्हणजे गावच्या बोहाड्यात, मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, वेताळाचं सोंग काढायचा मान तिच्या घराकडे. पण ज्या सुरात तिने ते सांगितलं, त्या सुरात आमच्या बिल्डिंगीत लोक 'आमचा धाकटा अमेरिकेत असतो' असं सांगतात. मांडीवरच्या पिशवीत दोन मीटर लाल कापड, सुताची दोरी आणि घुंगरांची एक जोडी. कसाऱ्याच्या बाजारातून वेताळाची खरेदी करून ती घरी निघाली होती.

मी नाटकांना लाइट देतो. जाहिरातीत 'प्रकाशयोजना' म्हणून नाव छापून येतं ते आमच्या सरांचं. मी मागे बसून बटणं सरकवणारा. गेली एकोणीस वर्षं. त्यामुळे कुठलंही नाटक बघताना माझी नजर आधी विंगेत जाते. कोण काय उचलून उभा आहे, कोणाला घाई झालीय, कोणाची एंट्री चुकली. बोहाड्याबद्दल ऐकलं होतं, दोन-चार व्हिडिओ पाहिले होते, पण प्रत्येकात फक्त मुखवटा. मागची माणसं कोणीच दाखवत नाही. ती बघायला म्हणून रंगपंचमीच्या आदल्या दिवशी पहाटेची कसारा लोकल पकडली. कसाऱ्याला लोकल संपते, तिथून पुढे काळी-पिवळी जीप आणि आपलं नशीब. नऊ जणांच्या जीपमध्ये आम्ही चौदा होतो, शिवाय एक बोकड. त्याचं भविष्य मी विचारलं नाही.

विहीगाव ओलांडलं की डोंगर जवळ येतात. मार्चमध्ये सगळं करपलेलं. पळस तेवढा पेटलेला. वाटेत वैतरणा लागते. मध्य वैतरणा धरण खोडाळ्याच्याच मोखाडा तालुक्यात आहे, शंभर मीटरहून उंच. २०१४ पासून मुंबईला तिथून दिवसाला ४५५ दशलक्ष लिटर पाणी जातं. मी रोज सकाळी ज्या पाण्याने दात घासतो त्यातलं थोडं इथलंच. गावात पोचलो तेव्हा विहिरीच्या काठावर हंड्यांची रांग होती आणि तळाशी हातभर पाणी.

गावाचं नाव लिहीत नाही. पुढच्या वर्षी तिथे ड्रोन उडावेत असं मला वाटत नाही.

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जव्हार, मोखाडा, पलीकडे नाशिकच्या पेठ-सुरगाण्याकडे, शिमगा झाला की गावोगाव देवाची सोंगं निघतात. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर, जिथे ज्यांची वस्ती तिथे ते. सीमेपलीकडे गुजरातच्या डांगात यालाच भवाडा म्हणतात. गणपती, शारदा, रामायणातली माणसं, भीम, नृसिंह, खंडोबा, भैरोबा, वेताळ. मोठ्या बोहाड्यात बावन्न सोंगं म्हणतात, लहान गावात वीस-पंचवीसांवर भागतं. संवाद जवळजवळ नाहीतच. एकेक सोंग गावाच्या वाटेने संबळाच्या ठेक्यावर नाचत येतं, नाचत मागे जातं. शेवटच्या रात्री देवी निघते आणि महिषासुराशी तिचं युद्ध होतं.

आमच्याकडे शाळेपासून शिकवतात की मराठी रंगभूमी १८४३ साली सांगलीत सुरू झाली, विष्णुदास भाव्यांच्या 'सीता स्वयंवरा'ने. त्या नाटकांत आधी गणपती यायचा, मग मोरावर बसून सरस्वती. इथेही आधी गणपती, मग मोरावर शारदा. कोणी कोणाचं बघून घेतलं हे ठरवायला मी विद्वान नाही. पण इथे कोणाला सांगलीचं काही पडलं नव्हतं, एवढं खरं.

दुपारी मुखवटे काढले होते. देवळामागच्या पडवीत, गोणपाटावर, उताणे. रांगेने वर बघणारे वीस-बावीस चेहरे. पहिल्यांदा बघताना पोटात थोडं हलतं. जुन्यातले दोन लाकडाचे, पांगाऱ्याचे. बाकी कागदाच्या लगद्याचे. दुरुस्तीला बसलेले बाबा साठीच्या पुढचे. पुढ्यात पितळी परात, परातीत राखाडी चिखलासारखा लगदा. मी हात लावून वास घेतला तर मेथीचा. आजी सुपं लिंपायची त्याचा हाच वास. कागद भिजवून कुटायचा आणि त्यात मेथीचं पीठ घालायचं. मेथीने चिकटपणा येतो आणि कडूपणामुळे कीड लागत नाही. बाबा म्हणाले, "उंदीर पण एकदा खातो, परत येत नाय."

एका राक्षसाचा कान तुटला होता. गेल्या वर्षी सोंग घरात शिरताना दाराला आदळलं. बाबांनी तुटलेल्या कडेला पाणी लावलं, लगद्याची सुपारीएवढी गोळी अंगठ्याने दाबली, तिच्यावर पातळ कागदाची पट्टी, पुन्हा लगदा. कान करायला दहा मिनिटं लागली असतील. मग तो मुखवटा त्यांनी उलटा केला आणि आतून हात फिरवायला लागले. तिथे जास्त वेळ गेला. कपाळ टेकतं ती जागा, नाकाचा कंगोरा, हनुवटी. कुठे टोचतं का ते बोटाने बघायचं, पॉलिश पेपरने घासायचं, पुन्हा बोट. मी विचारलं, "आतून कोण बघणार आहे?" त्यांनी मुखवटा माझ्याकडे दिला. "घाल."

घातला. चार-पाच किलो असेल, सगळं वजन पुढे. डोळ्यांच्या जागी दोन भोकं, पण ती माझ्या डोळ्यांसमोर येईनात. मुखवट्याचे डोळे वर, माझे खाली. मला दिसत होतं ते नाकपुड्यांतून: माझ्या पायाचे अंगठे आणि त्यापुढची हातभर जमीन. श्वास आतच फिरत होता. अर्ध्या मिनिटात मी तो काढला.

"रातभर नाचायचं," बाबा म्हणाले. पुढे काही बोलले नाहीत.

इथे सगळ्यांना अरे-तुरेच. शाळेच्या मास्तरांनाही, मलाही, देवालाही. पहिल्या तासात कानाला खटकतं, दुसऱ्या तासाला बरं वाटायला लागतं.

संध्याकाळी मी रंगपट शोधत होतो, सवयीने. तसा नव्हताच. प्रत्येक सोंग आपापल्या घरी सजतं. वेताळाच्या घरी गेलो. म्हातारीचा मुलगा, तिशीचा, भिवंडीकडच्या वीटभट्टीवरून आदल्या रात्री आला होता. दिवाळीनंतर बायको-पोरांसह जायचं, पावसाच्या तोंडाला परतायचं. मधे शिमग्याला येता आलं तर येतात, आणि बोहाडा असला की येतातच. भट्टीवाल्याने चार दिवस दिले होते, त्यातले दोन जाण्यायेण्यात. त्याचे तळवे विटांनी सोललेले होते. सकाळी पिशवीत पाहिलेलं लाल कापड त्याच्या डोक्याला पागोट्यासारखं गुंडाळलं जात होतं, मुखवटा त्यावर बसावा म्हणून. गुंडाळणारा त्याचा चुलता. दोरी बांधणारा वेगळा. घुंगरं म्हातारीने स्वतः बांधली आणि गाठ घातल्यावर त्याच्या पोटरीवर एक चापट मारली. आमच्याकडे तिसऱ्या घंटेआधी नट नारळाला, रंगमंचाला, ज्येष्ठांना हात लावत हिंडतात. इथे एवढंच.

सगळीच सोंगं अशी घराण्यातली नसतात. काहींचा लिलाव होतो. ज्याची बोली मोठी त्याचा मान, पैसा उत्सवाला. म्हणजे काम करायचे पैसे मिळत नाहीत, द्यावे लागतात. हे मी आमच्या ग्रुपमध्ये सांगितलं तर अर्धे नट रिटायर होतील. बायका सोंग घेत नाहीत. शारदाही पुरुष, देवीही पुरुष. वाटेवर सोंगांना ओवाळायचं काम मात्र बायकांचं. घुंगरं बांधणारी ती म्हातारी वेताळ किती चांगला नाचली असती, हे माझ्या डोक्यातून रात्रभर गेलं नाही.

दहाच्या सुमाराला सुरू झालं. वाटेच्या दोन्ही बाजूंना गोधड्या अंथरून लोक बसलेले, पोरं आयांच्या मांडीवर. वरून ट्यूबलाइटच्या माळा, जनरेटरवर. देवळापाशी संबळवाले दोघे आणि एक पिपाणीवाला. गणपती आला, पाठोपाठ कमरेला मोर बांधलेली शारदा. सोंग बदललं की संबळाची चाल बदलते. डोळे मिटून बसलेला एक आजोबा ठेका ऐकूनच "नरसिंव आला" म्हणाला, तेव्हा नृसिंह अजून वळणापलीकडे होता. क्यू म्हणतात तो हा. संबळवाल्याचं लक्ष मात्र सोंगाच्या पायांवर. पाय जड पडायला लागले की तो ठेका सैल करतो, सोंगाला दम घेऊ देतो, मग पुन्हा चढवतो. नट दमला हे ओळखून आख्खं नाटक हळू करणारा माणूस आम्हाला मिळाला असता तर!

प्रत्येक सोंगापुढे टेंभा घेतलेला एक जण चालत होता. वर ट्यूब असताना टेंभा कशाला, हा प्रश्न मला पडणारच. मला वाटलं, परंपरा. धंद्यातला माणूस म्हणून मनातल्या मनात नावंही ठेवली: ट्यूबच्या सपाट पांढऱ्या उजेडात टेंभ्याचा पिवळा मरतो, मुखवट्यावर सावलीच पडत नाही.

मध्यरात्री टेंभेवाल्या पोराला पेंग यायला लागली. तेरा-चौदा वर्षांचा असेल. मी शेजारीच उभा होतो, म्हणालो दे इकडे. त्याने आनंदाने दिला. काठीला चिंध्या गुंडाळलेल्या, डिझेलमध्ये बुडवलेल्या; धूर सरळ नाकात. सोंग भीमाचं होतं. मी केलं ते एकोणीस वर्षांच्या सवयीने: टेंभा उंच, किंचित बाजूला, मुखवट्यावर पंचेचाळीस अंशात. गाल उठले, भुवयांची सावली पडली. झकास दिसत होतं. भीम अडखळला. पुन्हा दोन पावलं टाकली, पुन्हा अडखळला आणि गोधडीवरच्या एका पोराच्या अंगावर जवळजवळ गेला.

मागून भीमाला कमरेला धरून चालणारा माणूस ओरडला, "खाली धर रे! उजेड खाली धर! त्याला भुई दिसू दे!"

नाकपुड्यांतून दिसणारी हातभर जमीन मला तेव्हा आठवली. दुपारी मीच बघितली होती, आणि रात्री विसरलो होतो. टेंभा सोंगासाठी होता. पाय कुठे टाकायचा, दगड कुठे आहे, पोर कुठे झोपलंय. मी टेंभा गुडघ्याच्या उंचीवर आणला आणि भीमाकडे तोंड करून उलटा चालायला लागलो. ते सोपं नाही. आपल्या मागे काय आहे ते आपल्याला दिसत नाही. मागचा माणूस 'डावीकडं', 'दगड', 'थांब' असं सांगत राहतो. तो मला सांगणार, मी भीमाला उजेडाने सांगणार. वाटेच्या टोकापर्यंत मी एकदाही भीमाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. कसा दिसत होता, विचारू नका.

परत आल्यावर टेंभा त्या पोराने काढून घेतला. झोप उडाली होती त्याची. मला म्हणाला, "तू बस."

वेताळ दोनच्या पुढे निघाला. रंगपंचमीचा उशिराचा चंद्र तोवर चांगलाच वर आला होता. वेताळाला संबळ वेगळाच लागतो, तुटक, घाईचा. म्हातारी पुढच्या रांगेत बसली होती. सगळे वेताळाकडे बघत होते, ती त्याच्या पायांकडे. मधे एकदा डाव्या पायातली घुंगरं सुटली; ती उठली, वाटेत गेली, वेताळ थांबला, तिने गाठ घातली, वेताळ पुन्हा सुरू झाला. कोणी हसलं नाही, कोणाला विशेष वाटलंही नाही. आमच्या प्रयोगात असं झालं असतं तर आठवडाभर मीटिंगा.

पहाटे देवी आणि महिषासुर. त्याबद्दल मी लिहिणार नाही. तिथे दोघा-तिघांना वारं आलं, आणि ते टाइप करायची गोष्ट वाटत नाही.

उजाडताना मुखवटे परत पडवीत आले. बाबा एकेक हातात घेऊन ओल्या फडक्याने आतून पुसत होते. रात्रभराचा घाम. मग जुन्या लुगड्यात गुंडाळायचे, पेटाऱ्यात. महिषासुराचं एक शिंग वाकलं होतं. ते बाजूला ठेवलं. टोपल्या घेऊन बायका मोहाखाली फुलं वेचायला गेल्या होत्या, त्याच बायका, न झोपता. वेताळाच्या घरी मला नाचणीची भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. पैसे काढले तर म्हातारी अशी बघायला लागली की पाकीट परत खिशात गेलं.

साडेआठच्या जीपमध्ये वेताळ माझ्या शेजारी होता. कपाळावर मुखवट्याच्या कडेचा लाल वळ, कानामागे तुळतुळीत काळा रंग राहिलेला. मी खुणेने दाखवला. त्याने थुंकी लावून चोळला, निघाला नाही.

"कसाऱ्याची गाडी कितीला हाय?" त्याने विचारलं.

मी मोबाइलमध्ये बघून सांगितलं. कल्याणला उतरून भिवंडीची गाडी पकडायची, दुपारपर्यंत भट्टीवर पोचायला हवं, नाहीतर खाडा. डोकं मागे टेकून त्याने डोळे मिटले. विहीगावच्या वळणांवर त्याची मान माझ्या खांद्यावर आली. कसारा येईपर्यंत मी खांदा हलवला नाही.