बेसनाचे तोहू, बांगड्याचे लाक्सा आणि बिचकणारे स्वयंपाकघर

ब्रह्मदेशापासून इंडोनेशियापर्यंत सहा-सात देशांचे पदार्थ एकाच मेन्यूकार्डावर दिसले की मला आधी शंका येते. थाई खलबत्ता, तासन्‌तास मंद उकळणारे व्हिएतनामी हाडांचे पाणी आणि सुमात्रातली आटत जाणारी कढई ही तीन वेगवेगळ्या शिस्तींची कामे आहेत, आणि एकाच आचाऱ्याला ती तिन्ही सारखीच साधतील असे सहसा होत नाही. पुण्याच्या पूर्व भागात नव्याने सुरू झालेल्या, शनिवार-रविवारी दारात नाव नोंदवून ताटकळावे लागणाऱ्या एका उपाहारगृहाविषयीही माझा हाच ग्रह होता. तिथे जेवून आल्यावर तो पुरता गेला नाही, पण शंकेचे कारण मात्र बदलले. या स्वयंपाकघरातल्या हातांना चव आहे. गिऱ्हाईक नाक मुरडेल अशी धास्ती ज्या पदार्थाबद्दल वाटते, तेवढाच ते बिघडवून ठेवतात.

सुरुवात ब्रह्मी तोहू थोकने केली आणि ती निवड फळाला आली. हा शान प्रांतातला टोफू असला तरी त्यात सोयाबीनचा दाणाही नसतो. तो हरभऱ्याच्या पिठाचा असतो. पीठ पाण्यात भिजवून, गाळून, मीठ-हळद घालून शिजवायचे आणि थंड होऊन घट्ट झाले की कापायचे, एवढीच कृती. मध्य ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यात हरभरा भरपूर पिकत असल्यामुळे तिथल्या स्वयंपाकात बेसन पावलोपावली भेटते. आमच्यापुढे आलेल्या बशीत बोटभर लांबीच्या पिवळ्या पट्ट्या होत्या, इतक्या मऊ की काट्याने उचलताना मधोमध तुटाव्यात. त्यांवर चिंचेचा कोळ, कुरकुरीत तळलेला लसूण, त्याच लसणाचे तेल, भरड दाण्याचे कूट आणि बारीक चिरलेली कोथिंबीर होती. पाटवडी खाऊन वाढलेल्या माणसाला यातले काहीच अनोळखी नाही, तरीही तोंडात येणारी चव पूर्ण वेगळी असते. आपण पीठ फोडणीवर घेरतो आणि तिखट-मीठ आतच मुरवतो. इथे वडी जवळपास अळणी ठेवून सगळी चव वरून दिली जाते, त्यामुळे प्रत्येक घासात आंबट, खमंग आणि पिठूळ यांचे प्रमाण निराळे पडते. माझ्या मते या जागेतला हा सर्वांत नेटका शाकाहारी पदार्थ आहे, आणि तो कार्डाच्या तळाशी, कोणाचे लक्ष जाणार नाही अशा कोपऱ्यात छापलेला आहे.

खाऊ सुए अर्थातच ठळक अक्षरांत आहे. नारळाच्या दुधाला बेसनाने दाटपणा आणलेला हा नूडल्सचा पदार्थ भारतात उपाहारगृहांच्या फार आधी माणसांबरोबर आला. 1942 मध्ये जपानी आक्रमणामुळे लाखो भारतीयांनी ब्रह्मदेश सोडला, आणि 1962 च्या लष्करी सत्तांतरानंतर दुकाने व व्यवसाय सरकारजमा झाले तेव्हा आणखी एक मोठी लाट परतली. त्या कुटुंबांच्या चुलीवरून तो इतर घरांत पोहोचला. इथला खाऊ सुए चांगला होता, त्याहून अधिक काही म्हणता येणार नाही. (माझे आजोळ रत्नागिरीचे. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा तिथे तीस वर्षे नजरकैदेत राहिला आणि 1916 मध्ये तिथेच वारला. त्याचा राजवाडा पाहुण्यांना हौसेने दाखवला जातो, पण आमच्या नात्यागोत्यातल्या एकाही घरात ब्रह्मी पदार्थ शिजलेला मी पाहिला नाही. राजा आला आणि पाकक्रिया मात्र वेशीबाहेर राहिल्या, याचे मला अजून नवल वाटते.)

निराशा केली ती सोम तमने. कच्च्या पपईचा हा थाई-लाओ पदार्थ कालवायचा नसून कुटायचा असतो. मातीच्या खोल खलात लसूण आणि बारीक लाल मिरच्या आधी ठेचायच्या, मग चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, ताडगूळ, लिंबू, माशांचे खारवलेले पाणी आणि सुकी कोळंबी घालत जायचे, आणि पपईचा कीस शेवटी नुसता चेचायचा, म्हणजे तो रस पिऊन घेतो पण करकरीत राहतो. लाओसमध्ये आणि थायलंडच्या ईशान्य भागात तर त्यात आंबवलेल्या मासळीचा दाट, उग्र रस पडतो. आमच्या पुढ्यात आलेला कीस कोरडा होता, वर गोडसर पाक होता आणि मिरची केवळ शोभेला होती. सुक्या कोळंबीचा मागमूस नव्हता. ज्या राज्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी सुकट आणि जवळा डब्यात भरून ठेवतात, भाजलेल्या सुक्या बोंबलाच्या वासाने ज्यांची भूक चाळवते अशी माणसे जिथे घरोघर आहेत, तिथे हा भित्रेपणा नेमका कोणासाठी, हे मला समजले नाही. मलेशियातील ब्लाचानसुद्धा आपल्या जवळ्याच्याच कुळातली बारीक कोळंबी मीठ घालून, कुटून, आंबवून आणि उन्हात वाळवून करतात.

म्हणूनच त्यानंतर आलेल्या मलेशियातल्या पेनांगच्या आसाम लाक्साने मला चकित केले. लाक्सा, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्स, म्हटले की बहुतेकांना नारळाच्या दुधाची केशरी करी आठवते. पेनांगच्या प्रकारात नारळ नसतोच. बांगडे उकडून, काटे काढून, मांस कुस्करून त्याच पाण्यात परत घालतात आणि चिंचेने किंवा आसाम कपिंगच्या वाळवलेल्या फोडींनी ते आंबट करतात. या फोडी ज्या फळाच्या असतात ते आपल्या कोकमाचे भावंड आहे, दोन्ही झाडे गार्सिनिया या एकाच प्रजातीतली. वर काकडी, अननस, कच्चा कांदा, पुदिना आणि एका जातीच्या आल्याची गुलाबी कळी चिरून घालतात. आमच्या वाडग्याच्या काठाशी एका चमच्यात कोळंबीचा काळाकुट्ट, काकवीइतका दाट अर्क वेगळा ठेवला होता. तो ढवळला आणि रस्सा एका क्षणात गडद झाला. आधी गोड, मग खारट, आणि शेवटी समुद्राची खोल चव जिभेवर राहिली. बरोबर आलेल्या मालवणच्या मोठ्या वहिनींनी दोन चमचे घेतले आणि म्हणाल्या, "तिखल्यात हे तिरफळ घालायला विसरलेत, पण बांगडा ताजा आहे." याहून मोठे प्रशस्तिपत्र त्या देत नाहीत.

रेंडांगबद्दल थोडक्यात सांगायचे तर ते रेंडांग नव्हते. पश्चिम सुमात्रातल्या मिनांगकाबाऊ लोकांचा हा पदार्थ नारळाचे दूध पूर्ण आटून, तेल सुटून, मांस त्या तेलातच परतून काळसर तपकिरी होईपर्यंत शिजवायचा असतो, आणि म्हणूनच तो अनेक दिवस टिकतो. इथे मटणाला भरपूर रस्सा होता. चवीला तो वाईट नव्हता, पण अर्ध्या वाटेवर आच बंद केल्याचे कळत होते, आणि गर्दीच्या वेळी कढई अडवून ठेवणे परवडत नसावे.

गोडात चेंडोल मागवले. तांदळाच्या पिठाचे, पानदानच्या पानाच्या रसाने हिरवे केलेले आखूड तुकडे, नारळाचे दूध, ताडगुळाचा पाक आणि बर्फाचा चुरा, असा हा प्रकार. पानदान केवड्याच्या कुळातले असून त्याच्या पानाला सुवासिक तांदळाचा वास येतो. वहिनींनी वाडगा पाहताच शिरवाळ्यांची आठवण काढली आणि ती रास्तच होती: तिथेही तांदळाच्या पिठाची शेव साच्यातून पाडून गूळ घातलेल्या नारळाच्या रसात खायची असते. रस बर्फात घातला याबद्दल मात्र त्यांनी माफी दिली नाही. मला तो गारवा आवडला, आणि ताडगुळाची किंचित धुरकट चव तर फारच.

शाकाहारी मंडळींनी एक गोष्ट विचारून घ्यावी. थाई आणि व्हिएतनामी स्वयंपाकात माशांचे खारवलेले पाणी मिठाच्या जागी वापरतात, त्यामुळे भाजी दिसते म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. इथे हिरव्या ठिपक्याच्या पदार्थांत त्याऐवजी सोया सॉस घालतात आणि त्यांच्या कढया वेगळ्या ठेवतात, असे आम्हाला सांगण्यात आले.

हे सांगणारा वाढपी तरुण मणिपूरचा होता. सोम तम अर्धे तसेच राहिलेले पाहून त्याने कारण विचारले, मी ते स्पष्ट सांगितले, तेव्हा तो हसून म्हणाला की कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी मागे वेगळे सोम तम कुटतात, सुकी कोळंबी आणि आंबवलेली मासळी घालून. त्याच्या गावी सिंजू नावाच्या कोशिंबिरीतही अशी मासळी पडतेच. आम्ही तेच मागितले. व्यवस्थापकांनी बराच विचार करून, शेजारच्या टेबलावरच्या लोकांना वासाचा त्रास होईल म्हणून आम्हाला खिडकीपाशी बसवण्याच्या अटीवर परवानगी दिली. मग आलेली बशी तिखटाने डोळ्यांत पाणी आणणारी, ओली, करकरीत आणि चोख होती, आणि ती कार्डावर नसल्यामुळे बिलात तिची नोंद 'ग्रीन सॅलड' अशी झाली.