चोरलच्या वाटेसाठी जुनी गाडी

पावसाळ्यात इंदूरहून चोरल, तिंछा किंवा जानापावकडे भटकणाऱ्यांना मायलेजइतकीच गाडीच्या पोटाची जमिनीपासूनची उंची पाहावी लागते. म्हणून 205 मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्सची, 2020 पूर्वीची डिझेल डस्टर (रेनॉ कंपनीची एसयूव्ही) घ्यायचे मी ठरवले. चारही चाकांना ताकद देणारे मॉडेल जड आणि इंधनाला खादाड, म्हणून ते वगळले.

पहिल्या गाडीचे बॉनेट आरशासारखे चकाकत होते. पायाखालचा गालिचा उचलला, तर सीटच्या रुळांवर गंज आणि वाळलेला गाळ! गाडी पाण्यात बुडालेली होती, हे उघड होते. (सौभाग्यवतींना रंग आवडला होता, तो भाग वेगळा.) दुसरी दिसायला ओरखडलेली, पण लिफ्टवर चढवल्यावर इंजिनाखालचे तेलाचे चेंबर बाहेरून कोरडे (म्हणजे गळती नाही), सस्पेन्शनचे रबरी बुश शाबूत आणि चारही टायर सारखे झिजलेले आढळले, तिचाच सौदा केला.